गादीची जानमाज: गुडघे सुखावले, कपाळ थाऱ्यावर यायला वेळ लागला

मागच्या आठवड्यात धाकट्या जावेचा फोन आला. "भाभी, तुमच्यासारखी गादीची जानमाज मीही मागवू का?" जानमाज म्हणजे नमाज पढायला अंथरतात ते आसन. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. गुडघ्यांनी छळलेल्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत, आणि विकणाऱ्यांच्या जाहिरातीत नमाजच्या दृष्टीने जे महत्त्वाचं, नेमकं तेच नसतं.

आधी वस्तूविषयी. ही जानमाज सूनबाईने ऑक्टोबरात पुण्याहून ऑनलाइन मागवून दिली. घरपोच 1,250 रुपये पडले. शिवणाच्या टेपने मोजली तर लांबी 118 सेंटीमीटर, रुंदी 72, जाडी दोन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन दीड किलोला थोडं कमी भरलं. वर मखमलीसारखं कापड, आत फोम, आणि खाली फरशीवरून सरकू नये म्हणून रबराचे बारीक ठिपके. ते ठिपके मात्र उत्तम आहेत. आठ महिन्यांत एकदाही घसरली नाही, आणि आमच्या घरी जुनी गुळगुळीत शहाबादी फरशी आहे. पिशवीतून काढल्यावर रबराचा उग्र वास येत होता, तो जायला गच्चीवर चार दिवस लागले. नमाजच्या जागी असा वास नको, म्हणून आल्या आल्या वापरायला घेऊ नका.

खरं तर आलेली ही दुसरी. पहिली आली तिच्यावर काबा आणि मदिन्याचा हिरवा घुमट चकचकीत सोनेरी धाग्यात विणलेला होता. दिसायला फार सुंदर. पण उभी राहिले की नजर सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकायच्या जागी ठेवायची असते, आणि तिथे तो सोनेरी धागा लुकलुकायचा. सूरह फातिहा, कुराणाचा पहिला अध्याय, अर्ध्यावर आली की माझं लक्ष घुमटाच्या टोकावर. शिवाय त्या चित्रावर पाय पडेल की काय ही धास्ती. पैगंबर (स.) यांनी एकदा नक्षीची चादर पांघरून नमाज पढली, आणि नमाज झाल्यावर सांगितलं की ही अबू जहम यांना देऊन या आणि त्यांची साधी चादर आणा, हिच्या नक्षीने माझं नमाजमधलं लक्ष वेधलं. हा प्रसंग बुखारी शरीफ या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, संग्रहात आहे. त्यांचं लक्ष जाऊ शकतं तर मी कोण? विकणाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिली, पण त्यात नऊ दिवस गेले. दुसरी साधी गडद हिरवी आहे, कडेला एक बारीक पट्टी आणि वर मेहराबीची, म्हणजे कमानीची, नुसती रेघ. घ्यायची झाली तर अशीच घ्या.

आता माझ्या गुडघ्यांची गोष्ट. मी 61 वर्षांची. मिरज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. ती 34 वर्षं बहुतेक उभ्यानेच गेली. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. डॉक्टरांनी फरशीवर टेकू नका म्हणून सांगितलं आणि त्यानंतर दोन वर्षं मी खुर्चीवर नमाज पढत होते. उभं राहायचं ते उभ्याने, रुकू (कमरेतून वाकणं) आणि सजदा बसून इशाऱ्याने. यात कमीपणा काही नाही, हे आधीच लिहून ठेवते. इम्रान बिन हुसैन (र.) आजारी होते, त्यांना पैगंबर (स.) यांनी सांगितलं की उभं राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ज्यांच्या डॉक्टरांनी वाकूच नका म्हणून सांगितलं आहे त्यांनी माझं वाचून खुर्ची सोडू नये. माझ्या डॉक्टरांना मी ही जानमाज फोटोत दाखवली, जाडी सांगितली, आणि मऊ आधार असेल तर हळूहळू करून बघा असं त्यांनी म्हटल्यावरच खाली उतरले.

पण मला खुर्चीवर जमिनीची आठवण येत असे. कपाळ हवेत थांबायचं. फर्ज, म्हणजे सक्तीची नमाज, अदा व्हायचा आणि आत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. त्याविषयी मी कुणाजवळ बोलले नाही.

मग ऑगस्टात आमचे हे गेले. रेल्वेत होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. घरातली भांडी, चपला, चष्मा, सगळं जिथल्या तिथे आणि माणूस नाही. नवरा गेल्यावर बाईने पाळायची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. त्या काळात बाई घराबाहेर पडत नाही, नटत नाही. लोकांना ते बंधन वाटतं, मला तेव्हा ते पांघरूण वाटलं. कुणाच्या लग्नाला, बारशाला तोंड दाखवायचं नव्हतं, हसायचं नव्हतं. दिवस निघून जायचा, माणसं येत-जात. रात्र जात नसे. आमच्या घरी वारा त्या बाजूचा असेल तर मिरज जंक्शनची अनाउन्समेंट ऐकू येते. हे असताना झोपेतसुद्धा सांगायचे, ही अमकी गाडी, आज लेट आहे. आता मी एकटीच जागी, गाड्या मोजत पडलेली. डोळ्याला डोळा लागत नव्हता. मन थाऱ्यावर नव्हतं. हे दोन शब्द मी वर्गात वाक्प्रचार म्हणून शेकडो मुलांना शिकवले, अर्थ लिहायला लावला, वाक्यात उपयोग करायला लावला. त्यांचा खरा अर्थ मला 60 वर्षांनी कळला.

नमाज चुकत नव्हती. पण पढून झाल्यावर मला आठवायचं नाही की तीन रकाती, म्हणजे नमाजच्या फेऱ्या, झाल्या की चार.

अशा दिवसांत ही जानमाज आली. सूनबाईने अंथरून दिली आणि म्हणाली, "अम्मी, एकदाच बघा. दुखलं तर खुर्ची आहेच." पहिल्यांदा उतरायला मला जवळजवळ एक मिनिट लागलं. आधी उजवा हात पलंगाच्या कडेवर, मग एक गुडघा, मग दुसरा. गुडघ्याखाली जे टोचायचं ते टोचलं नाही. दोन्ही हात टेकले, कपाळ आणि नाक टेकलं, दोन वर्षं आणि काही महिन्यांनी. सजद्यात आपण "सुब्हान रब्बियल आला" म्हणतो, माझा रब पाक आहे, सर्वांत उंच आहे. माणसाचं डोकं जेव्हा सर्वांत खाली असतं तेव्हा म्हणायचे हे शब्द आहेत. लहानपणापासून म्हणत आले होते. त्या दिवशी मी वाकले आणि तीनदा म्हणून उठायचं विसरले. रडू आलं, आणि ते त्या दोन महिन्यांतल्या इतर रडण्यांसारखं नव्हतं. इतर वेळी रडताना कुणी ना कुणी समोर असायचं, त्यांना काय वाटेल म्हणून आवरावं लागायचं. इथे तोंड जमिनीकडे होतं. बघणारा एकच होता, आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. सजद्यात बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हा सजद्यात खूप दुआ मागा, असं हदीसमध्ये आहे. मला काही मागायचं सुचलं नाही. नुसती पडून राहिले.

सूनबाई दारात उभी होती. मला उठताना हात देऊन ती एक शब्द न बोलता चहा ठेवायला गेली. तिचे हे उपकार जानमाजीपेक्षा मोठे आहेत.

गुडघ्यांचा हिशेब सांगायचा तर असा. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज रकाती 17, म्हणजे 34 सजदे. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजचे तीन वित्र आणि दिवसभरातल्या 12 सुन्नते मुअक्कदा, या फर्जशिवायच्या रकाती धरल्या तर 32 रकाती, 64 सजदे. कपाळ 64 वेळा टेकायचं, आणि गुडघे 32 वेळा टेकायचे आणि उचलायचे. साध्या पातळ जानमाजवर मला हे शक्यच नव्हतं. या गादीवर पहिल्या महिन्यात फक्त पहाटेची फजर आणि इशा खाली, बाकीच्या खुर्चीवर. दुसऱ्या महिन्यात सूर्यास्तानंतरची मगरीब खाली आली. आता दुपारच्या जुहरच्या सुन्नती सोडल्या तर सगळं खाली होतं, कारण दुपारी पाय सुजलेले असतात. गुडघ्यांसाठी ही गादी पैकीच्या पैकी.

आता तक्रार. वस्तूतला खरा दोष इथे आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख असणंही शक्य नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की कपाळ टेकल्यावर ते टेकतच नाही. म्हणजे मखमलीला लागतं, पण फोम खाली जातो, आणखी दाबलं की आणखी जातो. पाण्यावर डोकं ठेवल्यासारखं. भाच्यामार्फत मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते सोपं आहे: मऊ वस्तूवर सजदा होतो, पण कपाळ दाबल्यावर ते एका जागी स्थिर झालं पाहिजे, खालचा कठीणपणा जाणवला पाहिजे, त्याहून खाली जाता कामा नये. कापूस, गवत, गादी, सगळ्यांना हाच नियम. कपाळ अधांतरी राहत असेल तर सजदा नीट झाला नाही. हे ऐकून मी मूठ दाबून पाहिली. नव्या फोमला तळ लागायला चांगलाच जोर लागत होता, आणि मानेने एवढा जोर 64 वेळा लावायचा तर गुडघ्याचं दुखणं मानेत जायचं.

मौलानांनी त्यासोबत एक हदीस सांगितली. ती आधी ऐकलेली होती, पण या वेळी कान देऊन ऐकली. एक माणूस मस्जिदीत आला, घाईघाईने नमाज पढून पैगंबर (स.) यांच्याकडे आला. ते म्हणाले, परत जा आणि नमाज पढ, तू नमाज पढलीच नाहीस. असं तीनदा झालं. मग त्यांनी शिकवलं: रुकू कर, रुकूत तुझं शरीर स्थिरावेपर्यंत. मग उठ, सरळ उभा राहीपर्यंत. मग सजदा कर, सजद्यात स्थिरावेपर्यंत. अरबीत शब्द येतात "हत्ता तत्मइन्न". भाच्याने मौलानांचा व्हॉइस मेसेज मला ऐकवला आणि मी त्या शब्दावर अडकले. हा शब्द कुठेतरी पाठ आहे. मग आठवलं, सूरह रअदची 28वी आयत, "अला बिजिक्रिल्लाहि तत्मइन्नुल कुलूब". अल्लाहच्या स्मरणानेच दिलांना इत्मीनान मिळतं. घरातल्या मराठी तर्जुम्यात तिथे शांती, समाधान असे शब्द दिलेत. चूक नाहीत. पण शब्द तोच आहे! रुकूत हाडं जागेवर यावीत यासाठी जो शब्द, तोच दिलासाठी.

आयुष्यभर भाषा शिकवलेल्या बाईला याहून मोठी भेट काय असणार? मी वही काढून लिहिलं: तत्मइन्न म्हणजे थाऱ्यावर येणं. कपाळ थाऱ्यावर येणं, पाठ थाऱ्यावर येणं, मन थाऱ्यावर येणं. मी दोन महिने मनाला हुकूम सोडत होते की शांत हो, आणि ते ऐकत नव्हतं. हदीसमधल्या त्या माणसाला मनाविषयी काहीच सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं की सांधे स्थिरावू दे. त्या दिवसापासून मी प्रत्येक रुकूत पाठ थांबेपर्यंत थांबायला लागले, दोन सजद्यांच्या मध्ये बसल्यावर श्वास खाली येईपर्यंत बसायला लागले. इशाला आधी दहा-बारा मिनिटं लागायची, आता पंचवीस लागतात. रकाती मोजायला चुकत नाहीत.

आणि म्हणून कपाळाखालच्या फोमशी माझं जमेना.

उपाय माळ्यावर सापडला. माझ्या सासूबाई घोंगडीवर नमाज पढायच्या. माणदेशातल्या सनगराने विणलेली, काळी, जाड लोकरीची. नवी घोंगडी चिंचोक्यांच्या खळीने कडक असते, अंगाला टोचते. वापरून वापरून ती मऊ पडते. सासूबाईंची घोंगडी चाळीस वर्षांत इतकी मवाळ झाली होती की सजद्याच्या जागी लोकर झिजून विणकाम दिसत होतं. ती उन्हात टाकली, झटकली, फरशीवर अंथरली, आणि तिच्यावर ही नवी जानमाज ठेवली. पण उभी नाही, आडवी. म्हणजे लांबीची बाजू डावीकडून उजवीकडे. 72 सेंटीमीटरच्या रुंदीत माझे गुडघे आणि बसताना कंबर येते, उभं राहताना पाय मागच्या कडेला घोंगडीवर राहतात, आणि कपाळ गादीच्या पलीकडे, थेट घोंगडीवर. खाली फरशी. टेकलं की टेकलं.

उभं राहण्याचाही प्रश्न त्यात सुटला. दोन सेंटीमीटरच्या फोमवर टाचा रुततात आणि माझ्या वयाला लांब सूरह पढताना तोल हलतो. याचा विचार साठीपुढच्या सगळ्यांनी करावा. पडण्याची भीती असेल तर मनात दुसरं काय येणार?

आडव्या जानमाजला पाहून दोन-तीन बायकांनी टोकलं. मेहराबीची रेघ किब्ल्याकडे, म्हणजे काबाच्या दिशेला नाही, उत्तरेकडे झाली म्हणे. तोंड माझं किब्ल्याकडे असतं, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे झुकून, तेवढं पुरे. रेघेला काही हुकूम नाही. तसाच नमाजनंतर जानमाजचा कोपरा दुमडून ठेवला नाही तर तिच्यावर शैतान नमाज पढतो, हा समज. त्याला आधार नाही. मी दुमडते ती धूळ बसू नये म्हणून.

जानमाज मुळात सक्तीची वस्तूच नाही. सारी जमीन माझ्यासाठी सजद्याची आणि पाकीची जागा केली गेली आहे, असं पैगंबर (स.) यांनी सांगितलं. मदिन्यात मुलैका नावाच्या वृद्ध बाईंनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर ते म्हणाले, उठा, तुमच्यासाठी नमाज पढवतो. हजरत अनस (र.) सांगतात, मी आमची चटई घेतली, ती वापरून वापरून काळी पडली होती, तिच्यावर पाणी शिंपडलं. पुढे पैगंबर (स.), मागे अनस आणि एक अनाथ मुलगा, त्यांच्या मागे त्या आजी. दोन रकाती झाल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. त्या काळ्या पडलेल्या चटईमुळे आवडतो, आणि शेवटच्या ओळीत एकट्या उभ्या असलेल्या आजीमुळे. सासूबाईंची घोंगडी अंथरताना रोज आठवतो.

झोपेचं सांगायचं राहिलं. ती जानमाजने आणली नाही, पण आली त्याच वाटेने. हजरत फातिमा (र.) यांच्या हातांना जातं ओढून घट्टे पडले होते. घरकामाला कुणी मिळेल का विचारायला त्या वडिलांकडे गेल्या, पैगंबर (स.) भेटले नाहीत. रात्री ते स्वतः त्यांच्या घरी आले, नवरा-बायको अंथरुणावर पडले होते. ते म्हणाले, तुम्ही मागितलं त्याहून चांगलं सांगू का? अंथरुणावर जाल तेव्हा 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणा. त्यांचे पती हजरत अली (र.) म्हणतात, त्यानंतर मी हे कधी सोडलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. लढाईच्या रात्री!

माझ्या आईच्या हातांना असेच घट्टे होते. पहाटे शेजारच्या काकूंबरोबर ती जात्यावर बसायची. काकू ओवी म्हणायच्या, आई खुंटा धरून सूर धरायची, आणि मधे थांबली की बिस्मिल्लाह म्हणून पुढची मूठ घालायची. त्या घरघरीत मला पुन्हा झोप लागायची. फातिमा (र.) यांच्या जात्याची गोष्ट ऐकली की मला मदिना दिसत नाही, आमचा सोपा दिसतो. मी आता रात्री अंथरुणावर पडून बोटांच्या पेरांवर मोजते. तस्बीह, म्हणजे जपमाळ, जवळ आहे, यांचीच, पण बोटांवर मोजा, त्यांनाही विचारलं जाईल, अशी हदीस आहे, म्हणून पेरांवर. एका हाताची पंधरा पेरं, दोन फेऱ्या झाल्या की तीस, वर तीन. सुरुवातीला शंभर पुरे होऊनही जागीच असायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. डिसेंबरात, इद्दत संपायच्या सुमाराला, एका सकाळी लक्षात आलं की काल रात्री अल्लाहु अकबरचे किती झाले ते मला माहीत नाही. गाडीची अनाउन्समेंटही ऐकली नव्हती.

दुःख गेलं असं कुणी समजू नये. यांचा चष्मा अजून खिडकीतच आहे. सबर करा, सबर करा, असं म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा, तोही सगळा गेलेला नाही. फरक एवढा पडला आहे की दिवसातून पाच वेळा मला कुठे जायचं ते ठरलेलं आहे. पैगंबर (स.) अजान देणाऱ्या हजरत बिलाल (र.) यांना म्हणायचे, बिलाल, उठा, नमाजने आम्हाला आराम द्या. नमाज उरकून आराम करण्याची घाई मला वर्षानुवर्षं होती, शाळा, डबे, परीक्षा, मुलं. नमाजमध्येच आराम असतो हे मला वाचून माहीत होतं, कपाळ टेकून कळलं.

पुन्हा वस्तूकडे येते. धुण्याचा त्रास मोठा आहे. मार्चमध्ये चार वर्षांची नात माझ्याशेजारी नमाजला उभी राहिली, तिला मध्येच लागली आणि गादी ओली झाली. साधी जानमाज असती तर तीनदा धुऊन पिळून दोरीवर टाकली असती. फोम पिळता येत नाही. जी वस्तू पिळता येत नाही ती धुवायची, पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत टांगायची, असं तीनदा. एका धुण्याला ठिबकणं थांबायला दोन-अडीच तास, आणि पूर्ण वाळायला मिरजेच्या मार्चच्या उन्हातही दोन दिवस. बिचारी नात कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, दादीच्या वर्गात रोज एक तरी असं व्हायचं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी काढता येणाऱ्या खोळीची बघा. तशा मिळतात, थोड्या महाग.

मखमलीचं कापड एप्रिल-मेमध्ये गरम लागतं. पंखा असूनही हाताच्या तळव्यांना घाम येतो. फोम आठ महिन्यांत गुडघ्यांच्या जागी थोडा दबला आहे, दोन खळगे दिसतात. वर्षभर आणखी चालेल असं वाटतं.

जावेला शेवटी मी हे सांगितलं: तुझे गुडघे दुखतात आणि जमिनीवर उतरायची परवानगी आहे, तर घे. पण आखूड, नुसती गुडघ्यांपुरती गादी मिळाली तर तीच घे, निम्म्या पैशात काम होईल. पूर्ण लांबीची घेतलीस तर माझ्यासारखी आडवी घाल आणि कपाळ जमिनीवर ठेव. बनवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे, पुढचा दीड फूट भाग फोमशिवाय ठेवा. नुसतं कापड. कापडाची किंमत वाढवा हवी तर.

ती म्हणाली, "मग घोंगडी कुठून आणू?" मी म्हटलं, माझ्याकडे आणखी एक आहे, यांची. लग्नानंतर पहिल्या पगारात घेतलेली, फार वापरली नाही त्यांनी, अजून टोचते. ती तिला द्यायची ठरवली आहे. रोज पढत गेली की मऊ पडेल.

आज जुहरनंतर गादी गच्चीवर टाकली आहे, दोन्ही बाजूंनी ऊन द्यायला. मृग तोंडावर आला आहे, एकदा पाऊस लागला की फोम वाळायचा नाही. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजच्या, आधी खाली आणायची.